जावयाला कागद वाचायला सांगत नाहीत

औसा, १७ नोव्हेंबर २०२५

रुद्राणी,

माझा नंबर तू बंद करून टाकलास. शेजाऱ्याच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून लिहितोय. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतो, कारण घरी टाकलं तर आधी तुझा नवरा फोडील. वकील आहे, दुसऱ्याचे कागद हाताळायची सवय आहे त्याला. शिपायानं हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं तर तेही वाचतील. वाचू देत.

शरणप्पामामाजवळ तू निरोप धाडलास, "अप्पांनी माझ्या संसारावर अर्ज दिला." मी तुझ्या संसारावर अर्ज दिलेला नाही. ॲडव्होकेट वीरेश यांच्यावर दिला, बार कौन्सिलकडं. ते दोन्ही एकाच घरात राहतात, त्याला मी काय करू?

तुला सगळं ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण तुझ्या घरात ते रोज वेगळं सांगितलं जात असणार.

अण्णाराव माझ्या चुलतभावाचा पोरगा. आमचा बांधाचा दावा औशाच्या कोर्टात चालू होता. मी लातूरचा वकील बघत होतो, तर वीरेश म्हणाला, "मामा, घरात वकील असताना बाहेरचा कशाला? लोक काय म्हणतील?" मला बरं वाटलं. गावभर सांगत हिंडलो, की माझा जावई नांदेडहून माझ्यासाठी तारखेला येतो. दोन वर्षांमागच्या अधिक महिन्यात तुम्हाला दोघांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. तुझी आई नव्हती, म्हणून मी स्वतः त्याचे पाय धुतले. पुरणाचे धोंडे मावशीकडून करून आणले. जेवून हात धुतल्यावर त्यानं पिशवीतून कागद काढले. "मामा, तडजोडीचं ठरलंय. इथं, इथं आणि मागं सही करा." मी चष्मासुद्धा शोधला नाही. सही केली. पुढं कोर्टात साहेबांनी विचारलं, "तडजोड मंजूर आहे का?" मी वीरेशच्या तोंडाकडं पाहिलं आणि मान हलवली. हेही लिहून ठेवतो, कारण त्याचा वकील हेच उगाळणार आहे.

त्या कागदानं रोड-टच शेताची पूर्वेची पट्टी अण्णारावला गेली आणि मला नाल्याकडं तेवढीच जमीन आली. क्षेत्र सारखं. कागदावर कुणालाही वाटावं, म्हाताऱ्याचं काही गेलं नाही. त्या पट्टीत तुझी आई बसलेली आहे.

मला कळलं कधी? यंदाच्या दिवाळीनंतरच्या सोमवारी बेल आणि विभूती घेऊन गेलो तेव्हा. सिमेंटचे खांब रोवले होते, तार ओढली होती आणि एक वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. "बाबा, कुठं? प्लॉट बघायचाय का?" स्वतःच्या बायकोच्या समाधीला जाताना मला विचारतो, प्लॉट बघायचाय का! अण्णारावला गाठलं तर तो हसला. "काका, मला काय बोलता? तुमच्याच जावयानं लिहून दिलंय. माझ्या प्लॉटिंगचे कागद बी तेच बघत्यात."

एकाच दाव्यात दोन्हीकडचा वकील. वर एकीकडचा जावई.

मी वीरेशला फोन केला होता, रुद्राणी. आधी त्यालाच केला. तो म्हणाला, "मामा, पट्टीत समाधी आहे हे तुम्ही मला सांगितलंच नाही." अगं, तुझ्या आईला माती देताना तो तिथं उभा होता. त्यानंही मूठ टाकली होती.

त्याला आजवर अहोजाहो केलं. या पत्रात 'तो' लिहितोय. वाईट वाटलं तर वाटू दे.

अप्पा


नांदेड बस स्टँड, २२ डिसेंबर २०२५

रुद्राणी,

लातूरच्या गाडीला वेळ आहे म्हणून बाकावर बसून लिहितोय. मांडीवर कागद धरलाय, अक्षर लागलं नाही तर जुळवून घे. तुझं घर इथून रिक्षानं जवळ आहे, आलो नाही. दारात उभं केलं असतं तर ते सहन झालं नसतं, आत घेतलं असतं तर चहा पिववला नसता.

आज बार कौन्सिलची समिती बसली होती. तीन वकील, मधले अध्यक्ष. मला वाटलं होतं कोर्टासारखा पिंजरा असेल, तसं काही नव्हतं. एक लांब टेबल आणि पाण्याच्या बाटल्या. तुझा नवरा समोरच होता. माझ्याकडं पाहून त्यानं हात जोडले, "शरणार्थ, मामा." लोकांसमोर. सवयीनं माझेही हात वर गेले. मग खाली घेतले.

त्याचं लेखी उत्तर वाचलं गेलं. ऐक, काय लिहिलंय. "अर्जदार हे माझे पक्षकार नव्हते. त्यांच्याकडून मी कधीही फी घेतलेली नाही. निव्वळ नातेसंबंधातून साहाय्य केले. अर्जदार सातवी शिकलेले असून त्यांनी तडजोड वाचून, समजून सही केली."

फी घेतली नाही म्हणून मी त्याचा पक्षकार नाही! हे कोणत्या पुस्तकात शिकवतात? वकीलपत्रावर माझी सही चालते, तारखेला माझ्या नावाचा पुकारा झाल्यावर तो उभा राहिलेला चालतो, आणि अंगाशी आलं की मी फुकटातला म्हातारा!

अध्यक्षांनी मला विचारलं, "आजोबा, यांना फी दिली होती का?"

मी म्हणालो, "साहेब, जावयाला फी देतात का कुठं? पाटावर बसवून पाय धुतले. चांदीचा दिवा दिला. कपडे केले. आणि फी म्हणून काही हातावर ठेवलं असतं तर हेच रुसून जेवायचे राहिले असते."

सगळे हसले. लिहून घेणारी मुलगीसुद्धा हसली. मला इतका राग आला, की मी टेबलावर हात आपटला. "हसू नका, साहेब. तुमच्यातल्या कुणाच्या सासऱ्यानं तुम्हाला कागद वाचून दाखवा म्हटलंय, ते सांगा." मग कुणी हसलं नाही. मधल्या साहेबांनी पाणी घेतलं.

त्याचा वकील उठला. "तुम्हाला वाचता येतं ना?"

"येतं."

"चष्मा घरात होता ना?"

"होता."

"मग का वाचलं नाही?"

"जावयानं पुढं केलेला कागद वाचायला घेणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. आमच्याकडं तसं करत नाहीत."

"म्हणजे तुमच्याच पद्धतीमुळं झालं."

बघ कसं फिरवलं. आम्ही इज्जत दिली तीच चूक ठरली.

माझ्या बाजूनं धम्मप्रिया वकीलबाई उभ्या राहिल्या. तुझी सासू म्हणते ना, "त्या बाईच्या नादी लागून म्हातारा बिघडला"? त्यांना सांग, मी आधी आपल्याच माणसांकडं गेलो होतो. औशात गेलो, लातुरात गेलो. एकानं तर चहा पाजून सांगितलं, "काका, वकिलावर वकील कागद लिहीत नसतो. उद्या आम्हाला त्याच कोर्टात बसायचंय." या बाईंनी लिहिला. माझं कौतुक करून नाही, चांगलं झापून लिहिला. "काका, सुनेनं कागद आणला असता तर वाचला असता?" मी म्हणालो, वाचला असता. "मुलीनं?" तोही वाचला असता. "घ्या! म्हणजे विश्वास माणसावर नव्हताच, नुसता जावईपणावर होता."

पुढची तारीख मिळाली. त्याच्या साक्षीदारांच्या यादीत तुझं नाव आहे. हे तुला विचारून घातलं, की न विचारता?

गाडी लागली. लोह्याच्या पुढं रस्ता खराब आहे, पाठ भरून येते. तुला काय त्याचं.

अप्पा


औसा, १९ जानेवारी २०२६

रुद्राणी,

काल शरणप्पा आला होता. तुझ्या आईचा सख्खा भाऊ. येताना पेढे आणले. मी विचारलं, कशाचे? म्हणाला, "दाजी, तोडगा निघालाय."

तोडगा असा. मी अर्ज मागं घ्यायचा. त्याबदल्यात अण्णाराव प्लॉटिंगच्या मागच्या बाजूला चार हात जागा सोडणार, आणि "अक्काला तिकडं नेऊन बसवू. जंगम बोलावू, सगळं विधीनं करू. वरून फरशी अण्णाराव बसवून देतोय."

मी पहिल्यांदा समजलोच नाही. मग समजलं. तुझ्या आईला उकरायचं म्हणतोय. बसवलेल्या माणसाला उकरून उचलायचं आणि दुसरीकडं ठेवायचं, भाड्याच्या खोलीतलं सामान हलवतात तसं. डाव्या तळहातावर लिंग ठेवून, मीठ-विभूती घालून, मंत्र म्हणून बसवलं तिला. ती शिवात मिळाली असं म्हणून आपण घरी आलो. आता काय, शिवातून परत काढायची?

"शरण्या," मी म्हणालो, "तुझी बहीण हाय ती."

"म्हणून तर म्हणतोय, दाजी. रस्त्याच्या कडंला गाड्यांचा आवाज लई हाय. आत शांत राहील."

हसावं का मारावं ते कळेना. पेढ्यांचा पुडा उचलून त्याच्या पिशवीत घातला आणि म्हणालो, "ऊठ." जाताना दारात थांबून तो काय म्हणाला ठाऊक आहे? "दाजी, अक्का गेली. रुद्राणी जित्ती हाय. कुणाचं बघायचं ते तुम्ही ठरवा."

ते मला लागलं. राग त्याचाच जास्त आला.

आणि आज सकाळी तुझा फोन. इतक्या महिन्यांनी. "अप्पा, सनद गेली तर हे घरात बसतील. तुमच्या नातीचं, मंजुश्रीचं कॉलेज आहे. सासूबाई रोज म्हणतात, तुझ्या बापानं आमचं घर बुडवलं. मी शाळेत तोंड कसं दाखवू?" मग रडलीस. मी विचारलं, "आईचं काय?" तू म्हणालीस, "आई असती तर तिनं अर्ज दिला असता का?"

हे वाक्य तुझं नाही. तुझ्या नवऱ्यानं तुला शिकवून पाठवलंय. तिनं अर्ज दिला नसता. तिनं त्याला अंगणातूनच हाकललं असतं.

तरी मी हो म्हणालो. ऐकलंस ना तू? या म्हणालो, कागद घेऊन या, करतो सही. तू रडत होतीस आणि माझ्यानं पुढं बोलवेना. फोन ठेवल्यावर मी स्वतःवर इतका चिडलो, की दुपारचं जेवलो नाही. तुझ्यावर जास्त चिडलो. रडून सही घेतेस बापाची. नवऱ्यानं निदान जेवून घेतली.

अप्पा


औसा, २ फेब्रुवारी २०२६

रुद्राणी,

काल तुम्ही गेल्यावर मी ओसरीवर तसाच बसून होतो. झालं ते लिहून ठेवतो. उद्या तुझ्या घरात म्हणतील, म्हाताऱ्यानं शब्द देऊन फिरवला. तेव्हा हे पत्र काढून बघ.

तुम्ही गाडीतून उतरलात. वीरेश वाकून पाया पडला. तू चहा केलास. साखर जास्त पडली, तुझा हात तेव्हाच ठिकाणावर नव्हता. मग त्यानं कागद काढला, पेनचं टोपण काढलं आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "मामा, इथं आणि खाली."

मी पेन उचललं होतं. हे खरं आहे. सही करणार होतो.

पण त्याची ती बोटं. "इथं आणि खाली." तसंच बोट, तोच आवाज. मी पेन ठेवलं आणि म्हणालो, "वाचून दाखवा."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. माझ्या घरात येऊन थोबाडीत खाल्ल्यासारखं. म्हणाला, "मामा, साधा अर्ज आहे. विश्वास नाही का?"

"नाही," मी म्हणालो.

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला 'नाही' म्हणालो. मग तूच मध्ये पडलीस, "द्या, मी वाचते." त्यानं कागद पटकन दिला नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? मला वाटतं आलं.

तू वाचायला लागलीस. शाळेत वाचतेस तसं, स्वच्छ. "मी वयोवृद्ध असून माझी स्मरणशक्ती क्षीण झाली आहे." मी ऐकत राहिलो. "ॲडव्होकेट धम्मप्रिया यांनी मला चिथावणी देऊन खोट्या तक्रारीवर सही घेतली." म्हणजे माझी सही घेऊन त्या बाईंवर तक्रार ठोकायची होती. ज्यांनी कुणी लिहीत नव्हतं तेव्हा लिहिलं, त्यांनाच मी खड्ड्यात घालायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू पुढची ओळ वाचलीस.

"सदर पट्टीमध्ये कोणतीही समाधी नाही व कधीही नव्हती."

तिथं तू थांबलीस.

वीरेश म्हणाला, "प्लॉटिंगच्या परवानगीला लागतं ते. नुसती भाषा असते. वाच पुढं." तू वाचलं नाहीस. "रुद्राणी, वाच." तुझ्या ओठावर घाम आला होता, थंडीचे दिवस असून. मला आठवत होतं, आईला माती देताना तुला बायकांनी धरून मागं ओढलं होतं आणि तू त्यांच्यातून सुटून परत खड्ड्याशी गेली होतीस. तुलाही तेच आठवत असेल. नसेल तर मला तुझ्याशी बोलायचं नाही.

तू कागदाची घडी घालून त्याच्या मांडीवर ठेवलीस. "तुमचं तुम्ही वाचा."

मला वाटलं आता तू इथं राहशील. तू गाडीत जाऊन बसलीस. मागच्या सीटवर बसलीस, एवढं मी पाहिलं.

धम्मप्रियाबाईंना आज फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही अर्ज मागं घेतला असता तरी तेवढ्यावर चौकशी थांबत नाही. तसा नियमच आहे. वकिलीच्या अब्रूचा प्रश्न असतो, दोघांच्या भांडणाचा नसतो." म्हणजे बघ. वकिली करणाऱ्या तुझ्या नवऱ्याला हे माहीत नसेल? माझ्या माघारीनं त्याची सनद वाचणार नव्हतीच. त्याला समाधी नसल्याची माझी सही हवी होती. तू त्यासाठी माझ्याकडं रडलीस आणि तुला ते ठाऊकही नव्हतं.

की ठाऊक होतं? लिही.

अप्पा


औसा, ९ मार्च २०२६

रुद्राणी,

परवा नांदेडला तू जे बोललीस ते तुला माहीत आहे. पण मी बसलो होतो तिथून काय दिसलं ते तुला दिसलं नसेल.

तू त्याच्याबरोबर आलीस, त्याच्या बाजूला बसलीस. निळी साडी. मी मान फिरवली. धम्मप्रियाबाई कानात म्हणाल्या, "काका, उलटतपासात मला तिला विचारावं लागेल. कडक विचारावं लागलं तर?" मी म्हणालो, विचारा.

पण त्यांना विचारायची वेळच आली नाही. त्याच्या वकिलानं तुला गोडीत घेतलं. तुमचे वडील चिडके आहेत का? हो. तडजोडीचं घरात बोलणं झालं होतं का? झालं होतं. इथवर तो हसत होता. मग त्यानं विचारलं, "त्या पट्टीत प्रत्यक्षात समाधी वगैरे काही नाही, बरोबर?"

वीरेश कागदावर बघत होता. वर बघायची त्याला गरज वाटली नाही.

तू म्हणालीस, "आहे. माझी आई आहे तिथं."

"म्हणजे एखादा दगड—"

"दगड नाही. आई आहे. यांना माहीत आहे. यांनी माती दिलीय."

अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली. वीरेशला विचारलं, "खरं आहे का?" तुझा नवरा, जो कोर्टात तास तास बोलतो, तो समोरचे कागद चाळायला लागला. मग म्हणाला, "मी त्या दृष्टीनं पाहिलं नव्हतं."

त्या दृष्टीनं! बायकोच्या आईकडं बघायला अजून कोणती दृष्टी लागते?

निकाल राखून ठेवलाय. बाई म्हणतात, सनद काही काळ तरी जाईल. जमिनीचं हे लोक काही करू शकत नाहीत. त्यासाठी औशाच्या कोर्टात तडजोड रद्द करायचा वेगळा दावा टाकावा लागेल, आणि मी तेवढा जगेन का ते कुणी सांगत नाही. त्या पट्टीत माझी जागा तुझ्या आईच्या बाजूला धरून ठेवली होती. आता मी मेलो तर मला कुठं बसवतील, नाल्याकडं?

लोक म्हणतील, मुलगी खरं बोलली, म्हातारा निवला असेल. मी निवलो नाही. हेच तू कागद वाचल्या दिवशी बोलली असतीस तर? तार ओढली तेव्हा बोलली असतीस तर? तीन परक्या माणसांसमोर बोलायची वेळ येईपर्यंत थांबलीस. तुला रागावतो आणि मग तुझा तो आवाज कानात येतो, आणि परत रागावतो, की त्या आवाजाची वेळ तुझ्यावर दोन माणसांनी आणली, एक तुझा नवरा. दुसरा मी आहे का, असं मला विचारू नकोस. मला ठरवता येत नाही.

बाहेर आल्यावर तो गाडीत बसला. दार उघडं ठेवून. मी फाटकाशी उभा होतो. तू पायऱ्यांवर थांबलीस. मला वाटलं, इकडं येशील. त्यालाही वाटलं असेल, तिकडं येशील. तू कुणाकडंच पाहिलं नाहीस. रस्त्यावर जाऊन हात केलास, रिक्षात बसलीस आणि गेलीस. त्यानं दार लावलं, गाडी काढली. माझ्यासमोरून गेला, काच वर करून.

मी स्टँडवर आलो. लातूरची एक गाडी सोडली, की तू येशील. मग दुसरी सोडली. प्रत्येक गाडीच्या खिडक्या बघितल्या. कंडक्टर म्हणाला, "बाबा, बसायचंय का न्हाई?" शेवटी बसलो. अहमदपूरपर्यंत मागं वळून बघत होतो, वेड्यासारखा.

घरी आलो तर कुलूप होतं. ओसरीवर कुणी नव्हतं. शरणप्पाला विचारलं, त्याच्याकडं नाहीस. शाळेत फोन केला, तर रजेवर आहे म्हणाले. तुझ्या घरी फोन लावायला माझी बोटं जात नाहीत. तरी आज लावला. तुझ्या सासूनं उचलला, "तुमच्याकडंच असेल की!" म्हणाली आणि ठेवून दिला.

म्हणजे त्या घरात तू नाहीस, आणि या घरातही नाहीस.

माझा राग गेलेला नाही. तो तसाच आहे, येशील तेव्हा तोंडावर बोलीन. पण ती रिक्षा तुला घेऊन कुठं गेली, तेवढं आधी कळव.

अप्पा